हौशी रिंगमधून प्रो रिंगमध्ये: मुष्टियोद्ध्याचे टप्पे, हिशेब आणि खाचखळगे

युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोने 2008 आणि 2012 अशी सलग दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. मार्च 2014 मध्ये तो आपल्या दुसऱ्याच प्रो (व्यावसायिक) लढतीत जागतिक किताबासाठी उतरला आणि हरला. समोर मेक्सिकोचा ओर्लान्डो सालिदो होता. त्याचे वजन जास्त भरल्याने किताब काट्यावरच त्याच्या हातून गेला होता. सालिदो सुरुवातीपासून अंगाला भिडून राहिला. बरगड्यांवर, पोटावर, कधी कमरेखालीही मारत राहिला आणि क्लिंच करून, म्हणजे मिठी मारून हात अडकवून, लोमाचेन्कोची लय मोडत राहिला. बाराव्या फेरीत लोमाचेन्कोने त्याला पुरते हलवले, पण तोवर वेळ संपली होती.

हौशी मुष्टियुद्धात जगात अव्वल असलेल्या माणसाची ही गत झाली. प्रो होणे म्हणजे वरच्या वर्गात जाणे नव्हे. हातमोजे आणि दोऱ्या त्याच असल्या तरी हा धंदा वेगळा आहे. त्याची तयारी पहिल्या प्रो लढतीच्या निदान वर्षभर आधी सुरू झाली पाहिजे.

पाया: कागद आणि लढती

आपल्याकडे मुलामुलींना दोन वाटांनी स्पर्धा मिळतात. पहिली वाट शालेय स्पर्धांची. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. दुसरी संघटनेची: जिल्हा, राज्य आणि मग भारतीय मुष्टियुद्ध महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. या दोन्ही वाटांची नोंदणी आणि प्रमाणपत्रे वेगवेगळी असतात. एका वाटेचे पदक दुसरीकडे आपोआप धरले जाईल असे समजू नका.

इथे पोरे सर्वांत जास्त अडकतात ती जन्मतारखेवर. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव आणि तारीख अक्षरशः एक हवी. फरक असेल तर पहिल्या जिल्हा स्पर्धेआधीच दुरुस्त करून घ्या. पुढे पासपोर्ट, व्हिसा आणि प्रो परवाना सगळे याच कागदावर उभे राहते. वय चोरून खालच्या गटात जिंकलेले पदक कधी ना कधी अंगाशी येते. एलिट गट 19 ते 40 वर्षांचा आहे, त्याखालचे गट महासंघ वेळोवेळी बदलतो. त्यामुळे प्रत्येक हंगामाचे परिपत्रक वाचायची सवय लावा.

लहान वयातच निवासी प्रशिक्षण हवे असेल तर पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची निवड चाचणी असते. तिथे साधारण 8 ते 14 वयाची मुले घेतात. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिना 10,000 रुपये हातखर्च मिळतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. पदक आणले की त्याच महिन्यात अर्ज टाका. चार वर्षांनी जुनी गुणपत्रके शोधत फिरणे फार त्रासाचे असते.

नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडमध्ये आणि पुण्याच्या देविका घोरपडेने 2022 मध्ये स्पेनमध्ये युवा जागतिक विजेतेपद मिळवले. त्यामुळे आपल्या मातीत दर्जा नाही ही सबब चालणार नाही. कमी पडतात त्या लढती. एकाच तालमीतल्या चारपाच जणांशी वर्षभर स्पॅरिंग (सरावाच्या लढती) करून राज्य स्पर्धा गाठणारा पोरगा उंच डावखुरा समोर आला की गोंधळतो. प्रो होण्याचा विचार करणाऱ्याच्या गाठीशी आमच्या मते किमान 50 ते 60 हौशी लढती हव्यात. त्यांत डावखुरे, उंच, बुटके, पुढे रेटणारे आणि मागे सरकून मारणारे असे सगळे प्रकार येऊन गेलेले हवेत.

हौशी लढत काय शिकवते, काय शिकवत नाही

एलिट लढत 3 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची असते, मध्ये 1 मिनिट विश्रांती. पाच गुणपंच दहा गुणांच्या पद्धतीने (फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला त्याहून कमी) प्रत्येक फेरीचा निकाल देतात. एलिट पुरुषांचे हेडगार्ड 2013 मध्ये गेले, महिला ते अजून वापरतात. एकूण 9 मिनिटे. पहिली फेरी गेली की उरलेल्या दोन्ही घ्याव्याच लागतात, म्हणून हौशी बॉक्सर पहिल्या घंटेपासून वेगाने, झुबक्यात ठोसे मारतो आणि मागे सरकतो.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या रचनेची. आठवड्यात चार-पाच लढती असतात आणि प्रत्येक लढतीच्या दिवशी सकाळी वजन. म्हणजे शरीर आठवडाभर वजनाच्या आसपास ठेवून रोज नवा प्रतिस्पर्धी ओळखायचा. झटपट समोरच्याला वाचणे, पायांची चपळाई आणि अनोळखी शहरात झोप सांभाळणे ही हौशी शाळेची देणगी प्रोमध्ये सोन्यासारखी उपयोगी पडते. ती मिळायच्या आत, 18-19 व्या वर्षी प्रोकडे पळणाऱ्यांचे म्हणूनच वाईट वाटते.

ही शाळा शिकवत नाही ते तीन विषय आहेत: अंगावर रेटणाऱ्याशी जवळून लढणे, पोटावरचा मारा सोसणे आणि आठव्या फेरीत दम राखणे.

वळायचे केव्हा

2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रो बॉक्सरना पहिल्यांदा परवानगी मिळाली. कॅमेरूनचा हसन एनदाम, थायलंडचा अम्नात रुएनरोएंग आणि इटलीचा कार्मिने तोमासोने हे तिघे उतरले. एकालाही पदक मिळाले नाही आणि एनदाम तर पहिलीच लढत हरला. 12 फेऱ्यांची सवय झालेले अंग 9 मिनिटांच्या घाईत मागे पडते. आपल्या विकास कृष्णने जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत प्रो पदार्पण केले, दोन लढती जिंकल्या आणि परत येऊन टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. परतीचा रस्ता आहे, पण तो लवकर परतणाऱ्यासाठी. चारपाच वर्षे प्रो लढून पुन्हा हौशी लय पकडणे फार थोड्यांना जमते.

त्यातच नियमही बदलत राहतात. जून 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुन्या जागतिक संघटनेची मान्यता काढली. वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना उभी राहिली, 2024 मध्ये भारत तिच्यात गेला आणि 2025 मध्ये लॉस एंजेलिस 2028 साठी मुष्टियुद्ध निश्चित झाले. म्हणून प्रो करारावर सही करण्याआधी राष्ट्रीय महासंघाला लेखी विचारा: परत यायचे असेल तर अट काय? लष्कर, रेल्वे किंवा पोलिसांत नोकरी असेल तर खात्याची लेखी परवानगी आधी हवी. तोंडी ‘हो’ बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर जाते.

आमचा सल्ला सरळ आहे. राष्ट्रीय शिबिरात जागा असेल आणि पुढची मोठी स्पर्धा दोन वर्षांच्या आत असेल तर थांबा. आंतरराष्ट्रीय पदकामुळे पहिल्या कराराची किंमत वाढते, अटी सैल होतात. शिबिराच्या दारात तीन हंगाम अडकून असाल, वय 23 ते 26 असेल आणि ठोशात दम असेल तर वळा. तिशीत पहिल्यांदा वळणाऱ्याला चार फेऱ्यांपासून वर चढायला वेळच उरत नाही.

वजनगट: इथे चूक झाली की सगळे चुकते

वर्ल्ड बॉक्सिंगच्या 2025 च्या रचनेत पुरुषांचे गट 50 पासून 90 किलोपर्यंत 5-5 किलोंच्या अंतराने आणि त्यावर 90 किलोंपुढचा असे दहा आहेत. प्रोमध्ये पूर्वापार 17 गट आहेत आणि ते पौंडांत मोजतात. बँटम 118 पौंड (53.52 किलो), फेदर 126 (57.15), लाइट 135 (61.23), वेल्टर 147 (66.68), मिडल 160 (72.57), सुपर मिडल 168 (76.20), क्रूझर 200 (90.72). हौशी 65 किलोवाला प्रोमध्ये 63.50 च्या सुपर लाइटला जाईल की वेल्टरला, हा प्रश्न उगाच हाडे बघून सोडवायचा नसतो.

प्रो वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. मध्ये 24 तासांहून जास्त वेळ असतो, म्हणून लोक जास्त पाणी उतरवतात. इथेच धोका आहे. पाणी कमी झालेल्या शरीरात मेंदूभोवतालचा द्रवही पुरता भरून आलेला नसतो आणि तशात डोक्यावर ठोसा बसतो. सोपा नियम लक्षात ठेवा. लढतीच्या 8 आठवडे आधी सकाळचे वजन गटापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल तर गट चुकलाय. शेवटच्या आठवड्यात घाम आणि पाण्याने जाणारे वजन 4 ते 5 टक्क्यांपलीकडे नको. 66.68 च्या लढतीसाठी सोमवारी 70 च्या आत, गुरुवारी रात्री 68 च्या आसपास, शुक्रवारी सकाळी काटा. वजन झाल्यावर पहिल्या तासात ओआरएस घोट-घोट घ्या, मग मऊ भात, केळी, सूप. एका दमात दोन लिटर पाणी पिऊन उलटी करणारे आणि रात्री तेलकट बिर्याणी खाऊन दुसऱ्या दिवशी जड पायांनी उतरणारे दरवर्षी दिसतात.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांना हातही लावू नका. फ्युरोसेमाइडसारखी औषधे उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेली आहेत आणि त्यांनी पोटॅशियम घसरून हृदय गडबडते. बिनलेबलाची ‘वजन उतरवणारी’ चूर्णेही याच धोक्यात मोडतात.

अंगात प्रो बसवणे: 20 आठवडे

पहिले 6 आठवडे पायाभूत दम. आठवड्यातून तीन सकाळी 8 ते 10 किलोमीटर धावणे, त्यांतली एक धाव चढावर. बॅगवर 3 मिनिटांच्या 8 फेऱ्या, पण मुद्दाम संथ. हौशी बॉक्सर बॅगवरही झुबक्यात मारतो आणि चौथ्या फेरीत लटकतो. त्याला दर फेरीत 20 सेकंद पूर्ण जोराने आणि 40 सेकंद जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) व पायांचे काम असे चक्र द्या.

सातव्या ते चौदाव्या आठवड्यात तंत्र. उभे राहणे बदलते. हौशीत टाचा उचलून उड्या मारत आत-बाहेर होतात, प्रोमध्ये गुडघे किंचित मोडून वजन पायांत बसवायचे, म्हणजे ठोशामागे कंबर येते. जवळून लढायचा सराव रोज हवा: कपाळ समोरच्याच्या खांद्याला, एक हात त्याच्या दंडाच्या आत, दुसऱ्याने यकृताकडे हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा). हौशी पंच क्लिंच लगेच सोडवतात, प्रोमध्ये त्यातच अर्धी लढत जाते. मान आणि पोटाचे बळ वाढवा. मेडिसिन बॉलचे फटके पोटावर घेताना श्वास सोडायला शिका, श्वास धरून घेतलेला फटका आत बसतो.

हाताची काळजीही इथूनच. हौशी लढतीत कापडी हँडरॅप असतात आणि मोठ्या वजनगटांत 12 औंसांचे ग्लोव्हज मिळतात. प्रोमध्ये वेल्टरपर्यंत 8 औंस, त्यावर 10 औंस, आत गॉज आणि टेप. अस्तर पातळ असल्याने डोक्याच्या टणक भागावर ठोसा मारला की मधल्या बोटामागचे हाड जाते. पहिल्या वर्षात नवख्या प्रोंच्या लढती रद्द होतात त्या बऱ्याचदा अशा हातामुळे. गॉज बांधू शकणारा माणूस कोपऱ्यात, म्हणजे लढतीत तुम्हाला सांभाळणाऱ्या मंडळींत, हवाच आणि त्याच्याकडून दर आठवड्याला एकदा तरी पूर्ण बांधून पॅडवर काम करा.

स्पॅरिंग 16 औंस ग्लोव्हज, हेडगार्ड आणि कपगार्ड घालून. आठवड्याला दोन दिवस, 4 फेऱ्यांपासून सुरुवात करून 8 पर्यंत. एकाच दिवशी दोन ताजे साथीदार आलटून पालटून द्या. रोज जोरदार स्पॅरिंग करून ‘कणखर’ होता येते हा समज माणसे संपवतो. मेंदूला बसलेला मार मोजला जात नाही, पण साठत राहतो. डोके जड वाटणे, प्रकाश सहन न होणे, झोप उडणे यांपैकी काहीही दिसले तर स्पॅरिंग बंद आणि डॉक्टर.

शेवटच्या 6 आठवड्यांत लढतीचे अनुकरण करा आणि शेवटचे जड स्पॅरिंग लढतीच्या 10 दिवस आधी संपवा.

वैद्यकीय फाइल

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, ईसीजी, बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय हा साधारण संच. महिलांना गर्भधारणा चाचणीही लागते. रक्ताचे अहवाल लवकर शिळे होतात, एमआरआय जास्त काळ चालतो. मुदत परवाना देणाऱ्या मंडळागणिक बदलते, ती लेखी मागवून तारखा वहीत उतरवा. पहिला एमआरआय प्रो होण्याआधीचा असू द्या, पुढचे अहवाल त्याच्याशी ताडता येतात. पडद्यात छिद्र निघाले आणि ‘कुणाला सांगू नका’ असे सांगणारा मॅनेजर भेटला तर त्याच दिवशी मॅनेजर बदला.

डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबली तर हौशी नियमांत किमान 30 दिवसांची सक्तीची विश्रांती आहे, शुद्ध हरपली असेल तर ती आणखी वाढते. प्रोमध्येही मंडळ निलंबन देते. ते दुसऱ्या देशात लढून चुकवणारे आहेत. तसे करू नका. 1982 मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर गेला, त्यानंतर हळूहळू किताबी लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आल्या. या खेळातला प्रत्येक वैद्यकीय नियम अशाच एखाद्या घरच्या दुःखातून आला आहे.

करार: सहीआधी वकील

मॅनेजर तुमचा माणूस, प्रमोटर कार्यक्रमाचा मालक. एकाला तुमचे मानधन वाढलेले हवे, दुसऱ्याला कमी. दोन्ही खुर्च्यांत एकच माणूस बसला की तुमच्या बाजूने बोलणारा कुणी उरत नाही. अमेरिकेतला 2000 चा मुहम्मद अली कायदा हीच सरमिसळ रोखण्यासाठी झाला. आपल्याकडे अशी भिंत करारातच बांधावी लागते.

मॅनेजरचा हिस्सा ब्रिटनमध्ये 25 टक्के, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कमाल एक तृतीयांश. प्रशिक्षकाला साधारण 10 टक्के. उदाहरणादाखल 1,00,000 रुपयांचे मानधन धरा: मॅनेजर 25,000, प्रशिक्षक 10,000, हातात 65,000. त्यातून तपासण्या, कोपऱ्यातल्या माणसांचा प्रवास आणि दोन महिन्यांचा खुराक गेला की नोकरी सोडण्याइतके काहीच उरत नाही. म्हणून पहिल्या पाचसहा लढतींपर्यंत दुसरे उत्पन्न हवे. अमेरिकेत लढलात तर साधारण 30 टक्के कर तिथेच कापतात. त्याचा दाखला घ्या, भारतात विवरणपत्र भरताना लागतो.

करारात बोट ठेवून वाचायच्या ओळी: मुदत किती (तीन वर्षांपेक्षा जास्त नको), किताब जिंकल्यास ती आपोआप वाढते का, दुखापतीचा काळ मुदतीत धरतात का, वर्षाला किमान किती लढती, त्या न मिळाल्यास तुम्ही मोकळे होता का, 4, 6, 8 आणि 10 फेऱ्यांचे किमान मानधन किती, समोरच्याने आयत्या वेळी माघार घेतली तर तयारीचा खर्च कोण देणार, तपासण्या व व्हिसा कोणाच्या खिशातून, वाद झाला तर न्यायालय कुठल्या शहरातले. ‘किमान लढती’ची ओळ नसलेला करार म्हणजे फळीवर ठेवलेले भांडे. तीन वर्षे कुणी हात लावला नाही तरी तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही.

परवाना आणि पहिली रात्र

भारतात प्रो परवाना इंडियन बॉक्सिंग काउन्सिलकडून मिळतो. परदेशात त्या-त्या मंडळाचा वेगळा लागतो, आणि अमेरिकेसाठी खेळाडूंचा पी-1 व्हिसा. पासपोर्टची मुदत निदान वर्षभर उरलेली असू द्या.

पहिली लढत 4 फेऱ्यांची घ्या. प्रतिस्पर्धी असा निवडा ज्याच्या 10-15 लढती झाल्या आहेत, बऱ्याच हरलाय पण सहसा बाद होत नाही. असा माणूस चारही फेऱ्या लढवतो आणि तुम्हाला शिकवतो. 30 सेकंदांत कोसळणारा काहीच शिकवत नाही.

लढतीच्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये समोरच्या कोपऱ्यातला माणूस हात बांधताना उभा राहतो आणि अधिकारी टेपवर सही करतो. हे नवख्याला बिचकवते, म्हणून तालमीत तसे करून बघा. लढतीची वेळ सांगता येत नाही. आधीच्या दोन लढती पहिल्या फेरीत संपल्या की 40 मिनिटे आधी बोलावणे येते, लांबल्या तर गरम झालेले अंग गार होते. 20 मिनिटांचा वॉर्म-अप दोन भागांत ठेवा. घंटेनंतर पहिल्या मिनिटात हौशी सवयीने 60 ठोसे मारू नका, जॅबने अंतर मोजा. प्रोमध्ये तीनच गुणपंच असतात आणि एकदा खाली पाडले की फेरी सहसा 10-8 जाते. स्वतः पडलात तर पंचाच्या मोजणीत 8 च्या आकड्यापर्यंत गुडघ्यावर राहा. झटकन उठून डगमगणाऱ्याची लढत पंच थांबवतो.

भुवई फाटली तर हौशीत लढत बहुधा थांबते, प्रोमध्ये कोपऱ्याला एक मिनिट मिळते. कटमॅनने (कोपऱ्यातला जखमा सांभाळणारा माणूस) जखम दाबून धरायची, अॅड्रेनालीन 1:1000 लावलेला बोळा, वर व्हॅसलीन. त्या मिनिटात बोलायचे एकाच माणसाने आणि दोनच सूचना द्यायच्या.

पहिले अठरा महिने

4 फेऱ्यांच्या तीन-चार लढती, मग 6 च्या तीन, मग 8. वर्षाला चार ते पाच. सोप्या परदेशी विजयांनी 10-0 चा आकडा बनवता येतो, पण पहिला खरा प्रतिस्पर्धी तो तीन फेऱ्यांत उघडा पाडतो. किताब सांगताना नाव नीट वाचा. जागतिक पातळीवर मोजल्या जातात त्या चारच संस्था: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. त्यांचे आशियाई व प्रादेशिक पट्टे क्रमवारीत चढायची शिडी आहेत, जागतिक विजेतेपद नव्हे. महिलांच्या फेऱ्या सहसा 2 मिनिटांच्या आणि किताबी लढत 10 फेऱ्यांची असते.

विजेंदर सिंगची वाट या सगळ्याचा नकाशा आहे. बीजिंग 2008 चे कांस्य 75 किलोत, प्रो गट 76.20 किलोचा, म्हणजे वजनाशी झगडा नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये मँचेस्टरला पदार्पण, जुलै 2016 मध्ये दिल्लीत 10 फेऱ्या खेळून डब्ल्यूबीओ आशिया पॅसिफिक किताब, ऑगस्ट 2017 मध्ये वरळीत आणखी एक विजय. नोव्हेंबर 2019 मध्ये दुबईला बारावा विजय. त्यानंतर 16 महिने लढतच नाही, आणि मार्च 2021 मध्ये पणजीत मांडवीवरच्या जहाजाच्या डेकवर रशियाच्या उंच आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत बाद केले.

त्या काळात साथीमुळे जगभरच लढती थांबल्या होत्या, पण दुखापत, करारातला वाद किंवा पैशांअभावी असा खंड कुणालाही पडू शकतो. 6 महिन्यांहून जास्त खंड पडला तर परतीची लढत 6 फेऱ्यांची घ्या, उंची आणि हाताची लांबी तुमच्याइतकीच असलेला प्रतिस्पर्धी मागा आणि लढतीआधी किमान 40 फेऱ्यांचे स्पॅरिंग वहीत तारखांसह नोंदवा. मॅनेजर ‘नाव मोठे आहे, पैसा चांगला आहे’ म्हणून थेट 10 फेऱ्यांची लढत घेऊन आला तर ती वही त्याच्यासमोर उघडा.